चौकस पोरीचं काय बिघडलं?

"मुलींच्या हातात कसली ही चोर-डाकूंची पुस्तकं देता?" मंदिराच्या पायरीवर एका काकूंनी मला अडवलं. भाचीच्या हातात 'नॅन्सी ड्रू' होती.

काकू, ही सोळा वर्षांची नॅन्सी 1930 साली अमेरिकेत आली. स्वतः मोटार चालवायची, मोठ्यांना उलट प्रश्न विचारायची. 1959 पासून ती पुस्तकं नव्यानं लिहिली. वंशद्वेषी उल्लेख गेले, बरंच झालं; पण नॅन्सीचा ठसकाही गेला. पोरीला मवाळ करायची हौस तिकडंही होतीच! मुखपृष्ठावरची कॅरोलिन कीन तर कधी नव्हतीच. पहिल्या 30 पैकी 23 पुस्तकं मिल्ड्रेड बेन्सन या बाईंनी लिहिली. ठरलेली रक्कम घेऊन, नावावरचा आणि पुस्तकावरचा हक्क सोडून.

आपली कितीतरी पुराणं श्रेणिक राजाच्या प्रश्नानं सुरू होतात. राजानं विचारलं की जिज्ञासा, पोरीनं विचारलं की आगाऊपणा? सोसणाऱ्या सतींच्या कथा पोरींना जरूर सांगा. पण शोधणारीचीही एखादी वाचू द्या. उद्या कुणी हक्कसोडीचा कागद पुढं केला, तर सही करण्याआधी ती तो वाचेल तरी!