डोळ्यांत भरणं हा गुन्हा नव्हे

संग्रहालयाने वस्तू जपाव्यात, पुलाने पलीकडे पोचवावं. मग एवढा देखावा कशाला? आधुनिक वास्तूंवरचा हा आक्षेप साधेपणाची बाजू घेऊन येतो, म्हणून चटकन पटतो. पण तो बहुधा वास्तूकडे नीट न पाहता घेतलेला असतो.

पॅरिसचं पाँपिदू केंद्र घ्या. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची ही इमारत १९७७ साली खुली झाली, तेव्हा तिला तेलशुद्धीकरण कारखाना म्हणून हिणवलं गेलं. हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेच्या वाहिन्या पिवळ्या, आणि सगळं बाहेर! हा थिल्लरपणा वाटत असेल, तर आतली रचना पाहावी. सांगाडा आणि नळ बाहेर गेल्यामुळे सुमारे ४५ मीटर रुंद मजल्यावर मध्ये एकही खांब नाही. प्रत्येक प्रदर्शनाला हवी तशी जागा मांडता येते. शिवाय भूखंडाची जवळजवळ निम्मी जागा या वास्तुकारांनी मोकळ्या चौकासाठी सोडली. तिकीट न काढणाऱ्याचाही विचार करणारी वास्तू दिखाऊ कशी?

दक्षिण फ्रान्समध्ये तार्न नदीच्या दरीवरचा मियोचा पूल २००४ साली सुरू झाला. अभियंते मिशेल व्हिर्लोजो, वास्तुकार नॉर्मन फॉस्टर. लांबी २,४६० मीटर, खांब सात, त्यांतला सर्वांत उंच २४५ मीटरांचा. हे खांब वरच्या ९० मीटरांत दुभंगून सडपातळ होतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही शोभा. खरं कारण ऊन आणि थंडी. वरचा पोलादी मार्ग उन्हाने लांबतो, थंडीने आखडतो. त्याच्याबरोबर खांबाच्या माथ्यालाही थोडं लवावं लागतं. एकसंध जाड खांब हट्टाने ताठ राहिला असता, दुभंगलेला लवतो. या पुलाचा डौल काढून घ्या, त्याचं बळही जाईल.

राहिला खर्चाचा आक्षेप. बेढब पूलही फुकट होत नाही, आणि तोही पिढ्यान् पिढ्या डोळ्यांसमोर राहतो. चित्र आवडलं नाही तर त्या दालनात जाऊ नये. गावाच्या माथ्यावरचा पूल कसा टाळणार?

व्हेनिसमधला सांतियागो कालात्रावा यांचा २००८ सालचा पूल मात्र टीकेला पात्र आहे. त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून लोक घसरून पडत राहिले, आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांची सोय मूळ आराखड्यात नव्हतीच. चालणाऱ्याचा असा विसर अक्षम्य आहे. काच काढून दगड बसवायचा निर्णय तिथल्या महापालिकेने २०२२ साली घेतला, तो योग्यच. दोष पायाखालच्या काचेत आणि या विसरात होता. पुलाच्या कमानीवर आक्षेप घ्यायला तिथेही जागा नाही.