लेहरा धरणारा माणूस

हॉलिवूडच्या १९३० आणि ४०च्या दशकांतल्या प्रेमविनोदी चित्रपटांची गोष्ट निघाली की बोलणं जोडीवर येऊन थांबतं. कॅरी ग्रँट आणि आयरीन डन, कॅरी ग्रँट आणि रोझालिंड रसेल. त्यांची चकमक, त्यांचं टायमिंग. हे कौतुक योग्यच आहे, पण अपुरं आहे. या चित्रपटांत पात्रनिवडीचा सगळ्यात अवघड निर्णय नायकाचा नसतो, हरणाऱ्याचा असतो. नायिका ज्याच्याशी लग्न ठरवून बसली आहे आणि शेवटी ज्याला सोडून पहिल्या नवऱ्याकडे परतणार आहे, तो माणूस कोणी करायचा? तो दुष्ट असेल तर प्रश्नच उरत नाही, तिने त्याला सोडलंच पाहिजे. तो मूर्ख असेल तर त्याला होकार देणारी नायिकाही तितकीच मूर्ख ठरते. तो फार देखणा आणि हुशार असेल तर नायकाची गरजच काय? या अरुंद वाटेवरून न घसरता चालणारा नट एकच झाला असं मला वाटतं, आणि तो म्हणजे राल्फ बेलॅमी. दोन चित्रपटांत तो ग्रँटसमोर हरला. गंमत अशी की दोघंही १९०४ सालचे आणि उंचीलाही एकमेकांना साजेसे. म्हणजे दिसण्यात बेलॅमी कुठेच डावा नव्हता. हरणं त्याला अभिनयातून उभं करावं लागलं.

लिओ मॅकॅरेचा ‘द ऑफुल ट्रूथ’ १९३७चा. घटस्फोटाच्या मार्गावर असलेल्या ल्यूसीला ओक्लाहोमाचा तेलवाला डॅन लीसन भेटतो. सोबत त्याची आईही आहे. डन ही तयारीची गायिका, आदल्याच वर्षी ‘शो बोट’सारख्या संगीतिकेत झळकलेली. ती पियानोवर बसते आणि शेजारी उभा राहून डॅन गुराख्यांचं एक जुनं लोकप्रिय गाणं म्हणतो. आवाज बेसूर आहे, पण त्याची पर्वा त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नाही. प्रेक्षकांना हसवण्यासाठी बेसूर गाणारा नट आणि मनापासून गाताना बेसूर होणारा माणूस यांत जो फरक आहे, तो बेलॅमीला पुरता कळला होता. तीच गोष्ट नाइट क्लबमधल्या नाचाची. डॅन आनंदाच्या भरात ल्यूसीला फरफटवत नाचतो, ग्रँटचा जेरी खुर्ची ओढून ते बघत बसतो आणि तीच धून पुन्हा वाजवण्यासाठी वाद्यवृंदाला पैसे देतो. हशा जेरीच्या खोडीला मिळतो, पण तो पिकतो डॅनच्या निर्मळ उत्साहावर. त्याला क्षणभर जरी संकोच वाटला असता तरी प्रसंग कोसळला असता. मराठीत आपण भाबडा आणि बावळट असे दोन वेगळे शब्द वापरतो. बेलॅमीने डॅनला भाबडा ठेवलं, बावळट होऊ दिलं नाही.

यापुढचं पाऊल हॉवर्ड हॉक्सच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’त, १९४० साली पडलं. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या ‘द फ्रंट पेज’ या १९२८च्या नाटकात वार्ताहर हिल्डी हा पुरुष होता. हॉक्सने त्याला स्त्री केलं, संपादक वॉल्टरची घटस्फोटित बायको केलं, आणि त्याबरोबर हिल्डीची भावी वधू जाऊन तिथे भावी नवरा आला: ऑल्बनीचा विमाविक्रेता ब्रूस बाल्डविन, हातात छत्री घेतलेला. हा चित्रपट त्याच्या वेगासाठी प्रसिद्ध आहे. ग्रँट आणि रसेल एकमेकांची वाक्यं अर्ध्यावर तोडतात, एकाच वेळी बोलतात, आणि तरी प्रत्येक शब्द पोचतो. ब्रूस मात्र समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो, मग विचार करतो, मग उत्तर देतो. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा धरणारा असतो. तो सबंध वेळ तेच आवर्तन वाजवतो, आणि तो अढळ राहिला तरच तबलजी कुठे निघाला होता आणि समेवर कसा आला हे कळतं. ब्रूस हा या चित्रपटाचा लेहरा आहे. तो नसता तर दीड तासाचा तो वेग नुसता कलकलाट वाटला असता. विशेष म्हणजे वॉल्टर एका बाईला ब्रूसचं वर्णन सांगताना तो सिनेमातल्या राल्फ बेलॅमीसारखा दिसतो असं म्हणतो, आणि तरीही बेलॅमीचा ब्रूस खराच वाटत राहतो.

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय पटकथेचं. असं पात्र लिहून दिलं तर कोणीही करेल. मला ते पटत नाही. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) किंग वेस्टली स्वतःच्याच लग्नाला ऑटोजायरोतून उतरतो, त्याच्याबद्दल तेवढंच आठवतं, आणि नायिकेने त्याच्यासाठी घर का सोडलं हे कळत नाही. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त (१९४०) जॉन हॉवर्डने केलेला जॉर्ज किट्रेज कष्टाने वर आलेला आहे, पण इतका ताठर आणि संशयी की कॅथरीन हेपबर्नची ट्रेसी त्याला हो कशी म्हणाली हे शेवटपर्यंत उमगत नाही. इतक्या देखण्या चित्रपटातली ही खरी फट आहे. उलट टोकाला प्रेस्टन स्टर्जेसच्या ‘द पाम बीच स्टोरी’तला (१९४२) रूडी व्हॅली. खर्चाच्या नोंदी वहीत टिपणारा तो लक्षाधीश इतका गोड आहे की नायकच फिका पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एका सज्जन माणसाला छळून हसायचं, हे क्रूर नाही का? वॉल्टर ब्रूसला पुन्हा पुन्हा पोलिसांच्या ताब्यात पोचवतो, त्याच्या आईला पळवून नेतो. हे क्रूरच आहे, आणि हॉक्स ते झाकत नाही. पण ब्रूसला वजन आहे म्हणून ती क्रूरता आपल्याला टोचते. सुरुवातीलाच हिल्डी त्याला दहा मिनिटं थांबायला सांगते, तेव्हा तुझ्याशिवाय दहा मिनिटंसुद्धा फार वाटतात असं तो म्हणतो, आणि ती त्याला तेच पुन्हा म्हणायला लावते. ऐकू आलेलं असतं. पुन्हा ऐकायला आवडेल म्हणून. बेलॅमी ते दुसऱ्यांदा किंचित लाजून म्हणतो, आणि वॉल्टरच्या संसारात हिल्डीला काय मिळालं नव्हतं ते आपल्याला कळतं. पुढे पत्रकारांच्या खोलीत ती बातमी टाइप करत असते, ब्रूस समोर उभा राहून आपल्या गाडीबद्दल, आपल्या लग्नाबद्दल बोलत असतो, आणि तिची नजर यंत्रावरून हटत नाही. बेलॅमी आवाज चढवत नाही, कीव मागत नाही. तो फक्त उत्तराची वाट बघतो. त्या क्षणी हिल्डी एका चांगल्या माणसाला सोडून आपल्या कामाची निवड करते. समोरचा माणूस चांगला आहे, म्हणूनच त्या निवडीला किंमत आहे.

‘द ऑफुल ट्रूथ’साठी बेलॅमीला साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. पुढे १९५८ साली ब्रॉडवेवर ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’ या नाटकात त्याने फ्रँकलिन रूझवेल्ट उभा केला आणि टोनी पुरस्कार मिळवला. त्या अभिनयाचा गौरव झाला तो थोर माणसाची भूमिका म्हणून. मला ब्रूस बाल्डविन त्याहून कठीण वाटतो. ‘हिज गर्ल फ्रायडे’ पुन्हा पाहाल तेव्हा तिघांच्या जेवणाच्या प्रसंगात ग्रँट आणि रसेलकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा, आणि बेलॅमी ऐकतो कसा ते पाहा.