मावळात गरम झरा नाही, पण जपानी सरायीचा धंदा शिकता येतो

होमस्टेवरच्या व्हिडिओखाली मावळातल्या बऱ्याच मुलांचा एकच प्रश्न असतो: "सर, वडिलोपार्जित जागा आहे, घर आहे. कर्ज काढून स्विमिंग पूलवाला व्हिला बांधू का?" माझं मत आधीच सांगतो: बांधू नका. का आणि त्याऐवजी काय, हे आज जरा सविस्तर लिहितो. त्यासाठी आपल्याला थोडं जपानला जावं लागेल.

जपानमध्ये डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ पारंपरिक सराया असतात. त्यांना 'र्योकान' म्हणतात आणि गरम झऱ्याला 'ओन्सेन'. यामानाशी भागातली केइउनकान ही अशीच एक सराय. ती इ.स. ७०५ मध्ये सुरू झाली आणि जगातलं सर्वात जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. १३०० वर्षं एकच धंदा! मग त्यांच्याकडून चार गोष्टी शिकायला काय हरकत आहे?

तुम्ही म्हणाल, "त्यांच्याकडे गरम झरा आहे, आमच्याकडे नाही." बरोबर, मावळ-लोणावळ्यात नाही. पण वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीला आहेत. रत्नागिरीत तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथे आहेत. पाणी गरमच आहे, लोक स्नान करतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी परततात. म्हणजे नुसत्या पाण्याने धंदा होत नाही. पाण्याभोवतीच्या पाहुणचाराने होतो.

र्योकान नेमकं काय विकतं?

खोली विकत नाही. 'एक रात्र, दोन जेवणं' असा एकच हिशोब विकतं. दर बहुतेक माणशी असतो. पाहुणा दुपारी येतो, चपला दारात काढतो, चहा घेतो, सुती किमोनो घालतो, गरम पाण्यात बसतो, रात्री त्या भागातलं त्या ऋतूतलं जेवतो, जमिनीवरच्या गादीवर झोपतो आणि सकाळी न्याहारी करून निघतो. मेन्यूकार्डावर ८० पदार्थ नसतात. त्यामुळे किती माणसांचं, काय रांधायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि वाया कमी जातं.

आता आपल्याकडे बघा. सुती किमोनोच्या जागी धुतलेली लुंगी किंवा गाऊन आणि कोरडा पंचा. झऱ्याच्या जागी तांब्याचा बंब! लोहगड किंवा राजमाचीहून पावसात भिजून, कुडकुडत आलेल्या माणसाला बंबाचं कढत पाणी, घंगाळ आणि वर आल्याचा चहा दिलात, तर तो माणूस तुमचं नाव विसरेल का? लोणावळ्यात पावसाळ्यात लाखो लोक भिजायला येतात. त्यांना नीट कोरडं करणारे किती आहेत, ते मोजा.

जेवणाचंही तेच. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला. तो तुमच्या शेतात पिकतो आणि तुम्ही पाहुण्याला पनीर टिक्का देता! आषाढ-श्रावणात रानभाज्या आणि खेकड्याचा रस्सा, दिवाळीच्या आसपास नवा भात, थंडीत भाकरी-पिठलं आणि शेकोटी, मे महिन्यात करवंदं-जांभळं आणि शेवटी काजवे. ही तुमची वर्षभराची जाहिरात आहे.

आता आकडे बघू

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. राहत्या घराला लागून ३ खोल्या नीट केल्या, स्वच्छ संडास-बाथरूम बांधले, खर्च ६ लाख. ५ वर्षांचं कर्ज ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण १३,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,५६,०००.

३ खोल्यांत ६ पाहुणे. माणशी २,००० रुपये, त्यात संध्याकाळचा चहा-खाणं, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी. एका रात्रीचे १२,०००. किराणा, सरपण, धुलाई माणशी ४५० धरा, म्हणजे २,७००. मदतीला दोन बायका, त्यांची मजुरी १,०००. हातात उरले ८,३००. वीज, दुरुस्ती, परवाने, जाहिरात मिळून वर्षाला १,२०,०००. म्हणजे वर्षाचा ठरलेला बोजा २,७६,०००. तो फेडायला ३४ भरलेल्या रात्री लागतात. वर्षात ५२ शनिवार आहेत! ६० रात्री भरल्या तर वर्षाला २,२२,००० उरतात. (हे थेट बुकिंगचं गणित आहे. अ‍ॅपवरून पाहुणा आला तर कमिशन वजा करा.)

आता पूलवाला व्हिला. ४० लाखांचं कर्ज, १० वर्षं, ११ टक्के. हप्ता महिन्याला ५५,००० च्या वर, वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त. पूलचं पाणी, पंप, केअरटेकर वेगळं. शेजारी मुंबईच्या पैशाने बांधलेला, तुमच्यापेक्षा मोठ्या पूलचा व्हिला उभा राहिला की तुम्ही भाव पाडणार. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी आली, वीकेंड बुडाले, तरी हप्ता थांबत नाही. मग शेवटी जागा विकली जाते आणि जागेचा मालक त्याच जागेवर वॉचमन होतो. असं घर मावळात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

"पण सर, पूलवाले जास्त कमावतात!" काही जण नक्की कमावतात. ज्यांचा पैसा स्वतःचा आहे आणि ज्यांना दोन सीझन तोटा सहन होतो, ते. तुम्ही त्यात बसता का, हे प्रामाणिकपणे बघा.

जपानही एकदा चुकलाय

हा भाग महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात जपानमध्ये कंपन्यांच्या मोठमोठ्या सहली निघायच्या. किनुगावासारख्या गरम झऱ्याच्या गावांत नदीकाठी काँक्रीटची अजस्र हॉटेलं उभी राहिली, बसच्या बस भरून माणसं यायची. १९९० नंतर तिथली तेजी फुटली, कंपन्यांच्या सहली आटल्या, कर्जं राहिली. त्यातल्या काही इमारती अजून भकास उभ्या आहेत.

कुमामोतो भागातल्या कुरोकावा गावाने दुसरा रस्ता धरला. हे आडबाजूचं छोटं गाव, धंदा बसलेला. तिथल्या शिनमेइकान सरायीचे तेत्सुया गोतो यांनी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः डोंगर पोखरला आणि गुहेत स्नानाची जागा केली. लोक ती बघायला यायला लागले. मग त्यांनी ती युक्ती लपवून न ठेवता शेजाऱ्यांनाही शिकवली. १९८६ पासून गावातल्या सरायांनी मिळून एक लाकडी बिल्ला काढला. तो घेतला की पाहुण्याला गावातल्या कुठल्याही तीन सरायांत स्नान करता येतं. भडक पाट्या काढल्या, रस्त्याकडेला झाडं लावली. अख्खं गाव म्हणजे एक सराय, रस्ते म्हणजे तिचे व्हरांडे, असा विचार केला. आज ते गाव जपानभर नावाजलेलं आहे.

डोंगर पोखरून माणसांची सोय करणं मावळाला नवीन नाही. कार्ले, भाजे, बेडसे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. भिक्षूंच्या राहण्यासाठी खोल्या, आत दगडी ओटे. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात यवनही आहेत. या घाटातून व्यापार चालायचा आणि वाटसरूंची ये-जा होती. तो वाटसरू आता द्रुतगती मार्गाने येतो, एवढंच.

मग करायचं काय?

पहिलं: ३ खोल्यांपेक्षा जास्त नको. दोन वर्षं चालवा, मग वाढवा.

दुसरं: कायदेशीर व्हा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. खाण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी घ्या. पाहुण्यांचं ओळखपत्र आणि रजिस्टर ठेवा.

तिसरं: र्योकानचा चेहरा म्हणजे तिथली मालकीण, तिला 'ओकामी' म्हणतात. आपल्याकडे पाहुणचार सगळा आई, वहिनी, बायको करते आणि क्यूआर कोड मात्र दादाच्या नावाचा असतो! नोंदणी आणि बँक खातं तिच्या नावावर करा. रांधणारीला आपण मालकीण आहोत हे कळलं की चव आणि हिशोब दोन्ही सुधारतात.

चौथं: गावातली चार-पाच घरं एकत्र करा. मुक्काम एका घरी, रात्रीचं जेवण दुसरीकडे, भातलावणी तिसऱ्याच्या खाचरात, काजवे दाखवायला चौथा. एकच पास, हिशोब महिन्याच्या शेवटी. शेजाऱ्याचा पाहुणा पळवण्यापेक्षा पाहुण्याला गावात आणखी एक रात्र थांबवा. शनिवारचा पाहुणा रविवारीही राहिला, तर वरचं सगळं गणितच बदलतं.

पाचवं: आवाजाचा नियम पहिल्याच फोनवर सांगा. "दहानंतर गाणी बंद, दारू नाही." काही बुकिंग जातील, जाऊ द्या. म्हाताऱ्या आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन येणारी कुटुंबं नेमकी हेच वाक्य ऐकायला फोन करतात.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीच्या एका पानावर तुमचा 'एक रात्र, दोन जेवणं' हिशोब मांडा आणि किती रात्रींत बोजा फिटतो ते काढा. आकडा ५२ च्या वर आला तर खर्च कमी करा, बँकेत त्यानंतर जा. आकडा कमेंटमध्ये टाका, त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू. जागा विकायचा फॉर्म भरायच्या आधी हे एक पान नक्की भरा.