शतावरी लावताय? आधी करारातलं वजन बघा

पिंपळे गुरव : इथल्या पवनाकाठच्या रानात आता इमारती आहेत. मावळ, मुळशी, खेडमध्ये मात्र शेती टिकून आहे आणि ‘शतावरी लावा, माल आम्ही घेऊ’ म्हणणाऱ्यांना तीच हवी असते. केंद्राने मे २०२० मध्ये औषधी वनस्पतींसाठी ४ हजार कोटी रुपये जाहीर केले होते, त्याचाही दाखला दिला जातो.

लागवड अवघड नाही. पावसाच्या तोंडावर वरंब्यावर रोपं लावायची, वेलाला आधार द्यायचा, पाणी तुंबू द्यायचं नाही. तुंबलं की मुळ्या सडतात. फुलं पांढरी, बारीक येतात, पण पैसा मुळ्यांचा. काढणीला दीड-दोन वर्षं लागतात, तोवर रान अडकून पडतं.

खरी मेख वजनात आहे. १० किलो ओल्या मुळ्या सोलून वाळवल्या की साधारण १ किलोच उरतो. भाव ओल्याचा की वाळल्याचा, हे करारात नसेल तर सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय रोपं विकणाराच खरेदीदार असेल, तर त्याचा नफा लागवडीच्याच दिवशी होतो; शेतकऱ्याचा दोन वर्षांनी, तोही झाला तर.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुणे विद्यापीठात आहे. सही करण्याआधी तिथे चौकशी करावी. सुरुवात पाच-दहा गुंठ्यांनीच बरी.