विकतची भाजी उकिरड्यावर का जाते? परसबागेनं नासाडी किती थांबते, किती नाही

आठवडी बाजार एकाच वारी भरतो, चूल मात्र रोज पेटते. त्यामुळं बाजारच्या दिवशी सहा-सात दिवसांची भाजी एकदम पिशवीत येते. पहिले दोन दिवस मेथी, पालक होतो. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर पिवळी पडायला लागते, पुढं वांग्याला सुरकुत्या येतात आणि तळाशी दबलेले टोमॅटो शेवटी उकिरड्यावर जातात. फ्रीज असला तरी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. शेतात सोयाबीन, कापूस नाहीतर ऊस उभा आणि घरात भाजी मात्र विकतची, अशी आज अनेक शेतकरी कुटुंबांची गत आहे.

परसबागेची चर्चा होते ती बहुतेक वेळा पोषणासाठी. उमेद अभियानातले बचत गट, अंगणवाड्या, शाळा यांनी हा विषय गावोगाव नेला आहे. पण घरातली अन्नाची नासाडी कमी करायलाही परसबाग कामाला येते. अट एकच, ती कशी लावायची याचा आधी थोडा विचार हवा.

आकडे काय सांगतात

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं मार्च २०२४ मध्ये अन्न नासाडीचा अहवाल काढला. त्यानुसार २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. लोकांच्या खाण्यासाठी जेवढं अन्न उपलब्ध होतं, त्याच्या १९ टक्के. यात सगळ्यात मोठा म्हणजे ६० टक्के वाटा हॉटेलं आणि दुकानांचा नसून घरांचा आहे. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो, देशभरात मिळून ७ कोटी ८० लाख टन. यात साली, देठ, हाडं असा न खाण्याचा भागही धरलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

याच अहवालात एक गोष्ट गावाच्या बाजूची आहे. मध्यम उत्पन्नाच्या देशांत खेड्यांमध्ये शहरांपेक्षा नासाडी साधारण कमी दिसते. कारण उरलंसुरलं जनावरांना जातं किंवा त्याचं खत होतं.

आता हेच चित्र बदलत चाललंय. ट्रॅक्टर आला, बैल गेले. दारातली गाय-म्हैस अनेक घरांत राहिली नाही. कोंबड्याही कमी झाल्या. मग भाजीचे देठ आणि शिळी भाकरी जाणार कुठं? प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घंटागाडीत, नाहीतर ओढ्याच्या कडेला. तिथं ती पिशवी मोकाट गुरं खातात. गावाची जुनी घडी इथं मोडते, आणि परसबाग ती थोडीफार बसवू शकते.

लागेल तेवढंच तोडायचं

परसबागेचा पहिला फायदा साधा आहे. झाडावरची भाजी सडत नाही. दोन माणसांच्या आमटीला चार काड्या कोथिंबीर लागते, बाजारात मात्र जुडीच घ्यावी लागते. दारात वाफा असला की चार काड्याच तोडायच्या. पालक, चुका मुळासकट न उपटता वरून कापला तर पुन्हा फुटतो. कढीपत्ता, शेवगा, आळू, गवती चहा ही तर वर्षानुवर्षं उभी राहणारी साठवण आहे.

दुसरं म्हणजे वाटेतली नासाडी वाचते. नाबार्डच्या सल्लागार संस्थेनं २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात काढणीनंतर भाजीपाल्याचं नुकसान पिकानुसार ४.८७ ते ११.६१ टक्के निघालं. काढणी, क्रेट, गाडी, बाजार समिती, किरकोळ विक्री या प्रत्येक टप्प्यावर थोडा माल जातो. परसातून चुलीपर्यंत यातलं काहीच नसतं.

तिसरा मुद्दा पैशाचा. हिशोबापुरतं धरू की एक घर आठवड्याला ३०० रुपयांची भाजी आणतं आणि त्यातली पाव भाग टाकून देतं. आठवड्याला ७५ रुपये गेले, म्हणजे वर्षाला ३,९०० रुपये. वर भावाचा झोका वेगळाच. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. दारात चार-सहा झाडं असली की घरापुरती तरी ही ओढाताण कमी होते.

एकदम लावलं तर एकदम वाया

परसबाग लावली म्हणजे नासाडी थांबली, असं मात्र नाही. बियाण्याचं पाकीट हातात आलं की सगळं एकाच दिवशी टाकलं जातं. मग दीड-दोन महिन्यांनी दोडका, भेंडी, गवार एकदम सुरू होते. शेजाऱ्यांकडंही तेच असतं, त्यामुळं वाटायलाही कोणी उरत नाही. भेंडी तीन-चार दिवस तोडली नाही की जून होते, दोडक्याला धागे धरतात.

यावर उपाय म्हणजे थोडं थोडं लावणं. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत. पूर्ण वाफा पेरण्याऐवजी दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन ओळी टाकल्या तर भाजी पाळीपाळीनं मिळते. वेल एका जातीचे दोनच पुरे. अख्ख्या गुंठ्याची, म्हणजे १,०८९ चौरस फुटांची जागा नसली तरी अडत नाही. न्हाणीजवळचा कोपरा, कुंपण, फुटका माठ, खताची रिकामी गोणी यावरही सुरुवात होते.

तरीही माल जास्त आलाच तर जुन्या बायकांचं शहाणपण हाताशी आहे. गवार, मेथी वाळवून ठेवायची, कोहळ्याचे सांडगे घालायचे. दोडक्याच्या शिरांची आणि भोपळ्याच्या सालीची चटणी होते, मुळ्याच्या पाल्याची भाजी होते. एक-दोन चांगली फळं वेलावरच पिकू देऊन बी धरायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच जपलं आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांमध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित वाणाचं बी मात्र धरून उपयोग नाही, पुढची झाडं तशीच निघतील याची खात्री नसते.

देठ-सालींचं काय करायचं

सालं, देठ, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांचं खत घरच्या घरी होतं. कोपऱ्यात छोटा खड्डा किंवा छिद्रं पाडलेलं पिंप पुरेसं. ओल्या कचऱ्यावर दर वेळी वाळलेला पाला किंवा माती टाकायची, म्हणजे वास येत नाही, माश्या होत नाहीत. अधूनमधून हलवलं तर साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. तेलकट, खारट उरलेलं आणि मटण-मासे त्यात टाकू नयेत, उंदीर-कुत्री येतात.

शिजवलेल्या अन्नाची नासाडी मात्र परसबाग कमी करत नाही. उरलेला भात, भाकरी, लग्ना-बारशातल्या पंगती, ताटात टाकलेलं, याला मोजून रांधणं हाच उपाय आहे.

पाणी आणि राबणारे हात

मार्च-एप्रिलनंतर जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं परसबागेला पाणी मागणं सोपं नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला चालतं. साबणाचं पाणी पालेभाजीवर टाकू नये, ते केळीकडं वळवलेलं बरं. उन्हाळ्यात शेवगा, कढीपत्ता एवढंच जगवलं तरी चालेल, पावसाळ्यात पुन्हा वाफे भरता येतात.

दुसरी अडचण कोणी बोलत नाही. परसबाग बहुतेक ठिकाणी बाईच्या नावावर टाकली जाते. शेत, चूल, पाणी, जनावरं हे सगळं करून वर वाफेही तिनंच भिजवायचे, तर दोन महिन्यांत तिथं तण माजतं. कुंपण घालणं, माती ओढणं, खड्डा हलवणं घरातल्या पुरुषांनी घेतलं आणि पाणी घालायचं पोरांनी, तरच ती टिकते.

सुरुवात करण्याआधी एक काम फुकटात करता येईल. पुढच्या बाजारापर्यंत रोज कोणती भाजी टाकून दिली, ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं. जी भाजी जास्त वेळा लिहिली जाईल, तीच दारात आधी लावायची.