कास्तकाराची वकिली

शेतातली सीतादहीची पूजा उरकली, कापसाचा पहिला वेचा घरात आला आणि दिवाळी तोंडावर आली. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यापर्यंत आमच्या तेल्हारा तालुक्यात हे दिवस हिशेबाचेही असतात. कापूस जिनिंगवर जाण्याआधीच त्याच्या पैशांवर कुणाकुणाचा हात आहे, हे घरातल्या लेकरांनाही ठाऊक असतं. म्हणून यंदाचा अंक आम्ही एका वऱ्हाडी वकिलाला अर्पण करत आहोत. डॉ. पंजाबराव तथा भाऊसाहेब देशमुखांना.

भाऊसाहेब म्हटलं की अकोल्याचं कृषी विद्यापीठ आठवतं, शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा आठवतात, दिल्लीतले कृषिमंत्री आठवतात. त्यांचा काळा कोट मात्र आपण विसरत चाललो आहोत. १८९८ साली पापळच्या शेतकरी घरात जन्मलेले पंजाबराव विलायतेत शिकून, बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. अमरावतीत नामांकित वकिलांची वाण नव्हती. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर यांची नावं देशभर गाजलेली होती. कुणबी माणूस मात्र कोर्टाची पायरी चढायचा तो बहुधा पक्षकार म्हणून, तेही हरण्यासाठीच.

१९२७ मध्ये अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरातल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पंजाबराव उघडपणे मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिले. त्याच महिन्यात त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. पुढच्या वर्षी जिल्हा कौन्सिलची सूत्रं हाती येताच सार्वजनिक विहिरी त्यांनी सर्वांना खुल्या केल्या. १९३० मध्ये ते प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले.

वकील राजकारणात का गेला, याचं उत्तर आम्हाला १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यात सापडतं. कर्जाच्या दाव्यात कोर्ट कागद बघतं. कागदावर कास्तकाराचा अंगठा असतो आणि रक्कम सावकाराच्या हातची. वकील कितीही हुशार असला तरी ज्या दिवशी अंगठा उठला त्याच दिवशी निकाल लागलेला असायचा. तेव्हा एकेक दावा लढण्यापेक्षा कायदाच बदलला पाहिजे, हे पंजाबरावांनी ओळखलं. या कायद्याने लवाद मंडळं आली. कर्जदाराने अर्ज केला की मंडळ सावकाराला नोटीस काढून येण्याचा हिशेब मागे. मुदतीत हिशेब दिला नाही तर ते कर्ज फिटलं असं कायदा धरत असे. दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीने रक्कम ठरायची. पिढ्यान्‌पिढ्या कास्तकारच हिशेबाला घाबरत आला होता; आता हिशेब दाखवायची पाळी सावकारावर आली. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत आम्हाला हे काम सर्वांत मोठं वाटतं, कृषिमंत्रिपदाच्या दहा वर्षांहूनही.

त्यांचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वावर चर्चा झाली, तेव्हा अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू वा शिखाला भारताचं नागरिकत्व मिळावं, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. समितीने ती स्वीकारली नाही, ते योग्यच झालं. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या, हे मान्य. पण ज्यांनी विहीर सर्वांना खुली केली, त्यांनी नागरिकत्वाला धर्माची अट घालावी, याचं दुःख होतं. आदर आहे म्हणूनच हे लिहिलं.

आज आपल्याकडे वकिलीच्या सनदा घेतलेली पोरं गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी २०१४ चा सावकारी नियमन कायदा वाचला आहे? अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेमागच्या पंधरा वर्षांतला व्यवहार त्यात तपासता येतो. खरेदीखत करून दिलं म्हणजे सारं संपलं, असं समजून गप्प बसलेली घरं या तालुक्यात आहेत. त्यांच्यापर्यंत ही माहिती कुणीतरी पोचवायला हवी.

अंकात कथा आहेत, कविता आहेत, वऱ्हाडी बोलीतलं लेखनही आहे. शेवटच्या पानांवर हा अर्ज कसा लिहायचा, सोबत कोणकोणते कागद लावायचे, ते साध्या भाषेत दिलं आहे. शेजाऱ्याला गरज असेल तर ती पानं खुशाल फाडून द्या. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.

— संपादक