वजन वाढतं म्हणून सोडलेली गोळी

नैराश्यावरच्या गोळ्यांनी अंग सुटतं, ही बायकांची तक्रार डॉक्टर फारशी मनावर घेत नाहीत. ‘आधी मन ठीक होऊ द्या, वजनाचं मग बघू’ म्हणतात. पण मैत्रिणींनो, आपण चळवळीतल्या बायका तरी काय वेगळं करतो? आपण म्हणतो, ‘बारीक म्हणजेच सुंदर हे ठरवलं कुणी?’ दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी आहेत. आणि या दोन खऱ्या वाक्यांच्या मधून बाई गोळी बंद करून निघून जाते, ते कुणाला कळतही नाही.

मी कळमेश्वर तालुक्यात काम करते. नागपूर जवळ, एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, बाकी कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा. इथल्या ज्या बायका माझ्याशी गोळ्यांबद्दल बोलतात त्यांतली क्वचितच एखादी ‘मी जाड दिसते’ इथून सुरुवात करते. एक म्हणाली, “मन तं बरं वाटून राहिलं जी ताई, पण नणंद म्हणते, एवढं दुःख होतं तं अंग कसं भरलं तुयं?”

मला वाटतं खरी गोष्ट या नणंदेच्या प्रश्नात आहे. आपल्याकडे दुःखी बाई सुकलेली असावी लागते. भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, सुखात असलेली. तिचं दुखणं कुठल्या तपासणीत दिसत नाही, एक्स-रेत येत नाही, घरच्यांना पुरावा म्हणून दिसतं ते फक्त तिचं शरीर. आणि गोळीने तेच शरीर तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागतं. मग नवरा म्हणतो, नाटकं आहेत, औषधाचे पैसे फुकट चालले. शिवाय जी बाई वेचणीला जाते, बागेत संत्री तोडते, तिला सहा-सात किलो वाढलं तर ते आरशात दिसायच्या आधी गुडघ्यांना कळतं. सगळे ब्लाऊज उसवून पुन्हा शिवायचे तर शिलाई कुणाकडे मागायची? आईला साखर असेल तर ती भीती वेगळीच. याला सौंदर्याचा सोस म्हणणं मला अपमानाचं वाटतं.

मग गोळी बंद होते, तीही एकदम. या औषधांतल्या बऱ्याच गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यातून करंट गेल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, ‘पुन्हा सुरू झालं हिचं.’ काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी जुना अंधार परत येतो तेव्हा त्याचा संबंध त्या सोडलेल्या गोळीशी कुणी जोडत नाही. विहिरीवर गेलेल्या बाईची नोंद करताना तिने औषध का सोडलं होतं, हे कोण विचारतं?

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, हे बायकांपर्यंत पोचतच नाही. ॲमिट्रिप्टिलिन हे १९६० च्या दशकापासूनचं स्वस्त औषध. भूक वाढवतं, गुंगी आणतं, तोंड कोरडं पाडतं, आणि कोरड्या तोंडावर आमच्याकडे उपाय एकच, गोड चहा. डोकेदुखीसाठी, अंगदुखीसाठीही ते कमी मात्रेत देतात, त्यामुळे आपण कसली गोळी घेतो हे घेणारीला कित्येकदा माहीतच नसतं. मिर्टाझापिन भूक चांगलीच वाढवतं, पॅरोक्सेटिनचीही तीच ख्याती. फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला वजन उलट थोडं उतरतं, आणि ते महागही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ॲमिट्रिप्टिलिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन्ही आहेत. २०२४ साली अमेरिकेत १ लाख ८३ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिनच्या तुलनेत एस्सिटालोप्रामवर सहा महिन्यांत सरासरी ०.४१ किलो जास्त वाढलं, ब्युप्रोपिऑनवर ०.२२ किलो कमी. (फिट येणाऱ्यांना मात्र ब्युप्रोपिऑन चालत नाही.) आकडे बारीक आहेत आणि ते ऐकून एखादा डॉक्टर म्हणेल, बघा, एवढंच! पण सरासरी म्हणजे कुणाचं काहीच वाढलं नाही आणि कुणाचं सहा किलो वाढलं, यांची मोट. ज्या बाईचे सहा वाढले तिला सरासरी सांगून काय उपयोग? शिवाय भारतीयांसाठी वजन-उंचीच्या प्रमाणाची धोक्याची रेषा तज्ज्ञांनी २५ वरून २३ वर आणलेली आहे, म्हणजे आपल्याला थोडी वाढही जास्त भोवते.

सगळं खापर गोळीवर फोडू नये, हेही खरं. नैराश्यात जेवण सुटलेलं असतं, बाई बरी व्हायला लागली की गेलेलं वजन परत येतं, ते यायलाच हवं. थायरॉईड मंदावलं की उदासी आणि वजन दोन्ही येतात, आणि हा विकार बायकांत जास्त. कधी नैराश्याच्या गोळीबरोबर ओलान्झापिन दिलेलं असतं, वजन त्याने फार वाढतं. पण हे वेगळं काढायचं तर पहिल्या दिवशीचं वजन लिहिलेलं हवं. आरोग्य केंद्रात काटा असतो. त्यावर गरोदर बाई चढते, तिचं बाळ चढतं. मनाच्या दुखण्याची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला त्यावर उभं करताना मी फारसं पाहिलेलं नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, अमलात आला २०१८ मध्ये. त्याचं कलम २२ सांगतं की रुग्णाला उपचार कोणते आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते हे सांगितलं पाहिजे, आणि तेही तिला समजेल अशा भाषेत. कलम २३ गोपनीयतेचं आहे. म्हणजे ‘हिला हे काय चालू आहे’ असं नवऱ्याने विचारलं म्हणून त्याच्यापुढे सगळं उलगडायचं नसतं. हे दुसरं कलम मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि ती भीती घालणारे नवरे आम्हाला भेटतात. नुसता आजार असणं पुरेसं नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच राम नारायण गुप्ता खटल्यात म्हटलं आहे. पण गोळीचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्यातल्या काही जणींना गोळ्यांबद्दलच शंका आहे, आणि ती रास्त आहे. मार खाणाऱ्या बाईला गोळी देऊन गप्प बसवणं हा उपचार नव्हे. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न स्त्रीवादी नजरेने मांडला, तेव्हापासून आपण हे बोलत आलो आहोत. २०२४ मध्ये त्या गेल्या, काम शिल्लक आहे. पण गोळीवर टीका करताना, आज ज्या बाईला गोळीनेच सकाळी उठून चूल पेटवता येते तिच्या हातून ती काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. घ्यायची की सोडायची हे तिने ठरवावं, पूर्ण माहिती घेऊन.

म्हणून गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय काढा. गोळी सुरू होताना वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा लिहा. डॉक्टरकडे दोघी जा. दुसरी गोळी आहे का, थायरॉईड आणि साखर तपासायची का, सोडायची तर हळूहळू कशी सोडायची, हे विचारा. ‘चालायला जा, फळं खा’ एवढाच सल्ला मिळाला तर सांगा, दिवसभर वावरात ती चालतेच, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ आहे. भाकरीबरोबर डाळ आणि पालेभाजी वाढवता येते का, साखरेचा चौथा चहा सोडता येतो का, यावर बोलू. रात्री-बेरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, वजनाच्या वर.